समित्या झाल्या, आता त्यांना काम शिकवा: राज्याच्या कामगार विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, कामगार विभाग, महाराष्ट्र शासन
मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय: तक्रार निवारण समित्यांचे सदस्य आणि समेट अधिकारी (मालक-कामगार वाद मिटवायला शासनाने नेमलेले अधिकारी) यांना मध्यस्थीचं प्रशिक्षण सक्तीचं करण्याबाबत

महोदय,

औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे मालक-कामगार संबंधांचा केंद्राचा नवा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम ४ प्रमाणे वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी निम्मे-निम्मे, सगळे मिळून दहाच्या वर नाहीत, महिला कामगारांना त्यांच्या प्रमाणात जागा, अध्यक्षपद एक वर्ष व्यवस्थापनाकडे तर पुढच्या वर्षी कामगारांकडे. एवढं सगळं कलमात नीट लिहिलेलं आहे. समितीत बसणाऱ्याला समोरच्या दोघांचं भांडण ऐकायचं कसं आणि सोडवायचं कसं, हे कोणी शिकवायचं, किती तास शिकवायचं, याबद्दल त्या कलमात एक ओळही नाही. म्हणून आस्थापना नावांची यादी करतात, ती नोटीस बोर्डावर लावतात आणि कायदा पाळला असं समजतात.

न्यायालयांशी संलग्न मध्यस्थी केंद्रात काम करायचं तर ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नेमलेल्या मध्यस्थी व समेट प्रकल्प समितीने ही चौकट घालून दिली. दोन भावांच्या वाटणीचा दावा ज्याच्यापुढे जातो तो वकील असला, निवृत्त न्यायाधीश असला, तरी त्याला हे ४० तास चुकत नाहीत. आणि ज्या समितीपुढे माणसाच्या बढतीचा, पाळीचा, कापलेल्या पगाराचा वाद येतो, तिच्या सदस्याला शून्य तास. ही तफावत आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

आम्ही मध्यस्थीचं प्रशिक्षण देणारी आणि प्रत्यक्ष मध्यस्थी करणारी माणसं आहोत. आमच्यात युनियनमधून आलेले आहेत, मनुष्यबळ विभागातून आलेले आहेत, वकील आहेत. यात आमचा स्वार्थ एवढाच, की न शिकलेल्या माणसाने घातलेला घोळ मध्यस्थीच्या नावावर जमा होतो. "मिटवून बघितलं, काही उपयोग झाला नाही" असं म्हणत माणसं पुढच्या वेळी थेट संपाची नोटीस देतात किंवा थेट शिस्तभंगाची चार्जशीट काढतात.

पहिली तक्रार दोन तासांच्या सत्राबद्दल. आज बाजारात 'समिती सदस्यांचं प्रशिक्षण' या नावाखाली जे विकलं जातं ते बहुतेक वेळा कायद्याची ओळख असते. कलमं, मुदती, शेवटी प्रश्नोत्तरं, प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. कायद्याची ओळख हवीच, पण आमच्या हिशेबाने ४० पैकी ४ तासांत ती पुरी होते. उरलेले ३६ तास हाताने करायच्या कामाचे आहेत. ते काम कसलं, हे सरावातल्या एका प्रसंगावरून दाखवतो.

मशीन शॉपमधला ऑपरेटर म्हणतो, "सुपरवायझर मुद्दाम मलाच रात्रपाळी लावतात. मी युनियनच्या मीटिंगला गेलो तेव्हापासून हे सुरू झालंय." सुपरवायझर म्हणतात, "माणसं कमी आहेत. लाइन बंद ठेवू का? याला प्रत्येक गोष्टीत राजकारण दिसतं."

न शिकलेला सदस्य इथे तीनपैकी एक काहीतरी करतो. "जाऊ द्या हो, रोज तोंडं बघायची आहेत एकमेकांची," असं म्हणत पाठीवर हात ठेवतो. नाहीतर रजिस्टर मागवून महिन्यातल्या रात्रपाळ्या मोजायला बसतो, म्हणजे न्यायाधीश होतो. नाहीतर दहाव्या मिनिटालाच "यापुढे पंधरा दिवसांआड लावा" असा तोडगा सांगून मोकळा होतो. तिन्हींत दोघांपैकी कोणाचंच म्हणणं पुरतं ऐकलेलं नसतं. तोडगा बरा असला तरी तो तिसऱ्याने लादलेला असतो, त्यामुळे पहिली अडचण येताच दोघंही तो सोडून देतात.

शिकलेला सदस्य ऑपरेटरला म्हणतो, "युनियनच्या मीटिंगनंतर पाळ्या बदलल्या असं तुम्हाला दिसतंय, आणि पाळ्या कशावरून ठरतात ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. मी बरोबर समजलो का?" मग सुपरवायझरकडे वळून विचारतो, "माणसं कमी असताना लाइन चालू ठेवायची जबाबदारी तुमच्यावर आहे. रात्री कोणाला बोलवायचं हे आत्ता तुम्ही कसं ठरवता?"

या दोन वाक्यांत काय झालं ते बारकाईने पाहावं. 'मुद्दाम' हा बोचरा शब्द गळला, पण युनियनचा मुद्दा गळला नाही. नवशिके इथे हमखास चुकतात. वाक्य गोड करण्याच्या नादात ते मूळ आरोपच पुसून टाकतात, आणि आपलं म्हणणं दाबलं गेलं हे कामगाराला तत्क्षणी कळतं. त्यानंतर तो होला हो करतो, सही करतो आणि बाहेर जाऊन सगळं सांगतो. युनियनच्या कामामुळे त्रास दिल्याचा आरोप हा अनुचित कामगार प्रथेचा, म्हणजे कायद्याने मनाई असलेल्या वागणुकीचा, आरोप आहे. मध्यस्थाने त्याची धार कमी करायची, वजन कमी करायचं नाही. सुपरवायझरला विचारलेला प्रश्नही 'का' ने सुरू होत नाही. 'का केलंत' म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो आणि 'कसं ठरवता' म्हटलं की पद्धत सांगू लागतो. बऱ्याचदा सांगता सांगता त्याच्याच लक्षात येतं, की पद्धत अशी काही नाहीच.

हे स्लाइड बघून येत नाही. त्यासाठी आम्ही २४ जणांची तुकडी घेतो, १२ व्यवस्थापनाचे आणि १२ कामगारांचे. चौघांचे सहा गट पडतात. गटात एक मध्यस्थ, दोन पक्षकार आणि एक निरीक्षक. एक फेरी ७५ मिनिटांची असते, १० मिनिटं तयारी, ४५ मिनिटं प्रत्यक्ष बैठक आणि २० मिनिटं चर्चा. आठ फेऱ्या झाल्या की प्रत्येक जण दोनदा मध्यस्थाच्या खुर्चीत बसलेला असतो, आणि हे दहा तास होतात. दोन गटांमागे एक मार्गदर्शक लागतो, म्हणजे तुकडीला तीन. सरावात भूमिका उलट्या द्यायच्या, मॅनेजरने कंत्राटी कामगार व्हायचं आणि कामगार प्रतिनिधीने प्लांट हेड. चर्चेत आधी मध्यस्थ झालेल्याने बोलायचं, मग पक्षकारांनी, मग निरीक्षकाने, मार्गदर्शकाने सर्वांत शेवटी. मार्गदर्शक आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात आणि वीस मिनिटं वाया जातात. शंभर जणांना एका सभागृहात बसवून हे होणं शक्य नाही. जो तसं करून देतो म्हणतो त्याला आपण पैसे देऊ नयेत, एवढंच म्हणतो.

दुसरी तक्रार कायद्याच्या रचनेतून येते. ती सोडवणं मात्र आपल्याच हातात आहे. कलम ४ मधली समिती बहुमताने निर्णय घेते आणि त्या निर्णयाला कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त जणांची संमती लागते. तेवढी मिळाली नाही तर निर्णय झालाच नाही असं धरलं जातं. म्हणजे ही समिती मतदान करणारी आहे. आता ज्या सदस्याने सकाळी कामगाराला वेगळं बसवून "मोकळेपणाने बोला, इथलं बाहेर जाणार नाही" असं सांगितलं, तोच दुपारी त्याच्याविरुद्ध हात वर करणार असेल तर मोकळेपणाने कोण बोलेल? ऐकणारा आणि ठरवणारा वेगळे हवेत. आठ-दहा जणांच्या समितीत हे सोपं आहे. दोन्ही बाजूंचा एकेक सदस्य मध्यस्थ म्हणून बसवावा आणि प्रकरण मिटलं नाही तर त्या दोघांनी त्या प्रकरणात मत देऊ नये. पाच कामगार प्रतिनिधींतला एक बाजूला राहिला तरी उरलेल्या चारांपैकी तिघांची संमती मिळू शकते.

लहान आस्थापनेत मात्र ही युक्ती फसते. चार जणांच्या समितीत कामगार प्रतिनिधी दोनच. त्यांतला एक मध्यस्थ म्हणून बाजूला बसला की 'निम्म्याहून जास्त' ही अट कधीच पुरी होत नाही आणि प्रत्येक प्रकरण निर्णयाविना राहतं. पंचवीस-तीस कामगारांच्या शेकडो युनिट्सची गत हीच होणार आहे. त्यावर उपाय म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या पातळीवर प्रशिक्षित मध्यस्थांची सामाईक यादी. चाकण, वाळूज, बुटीबोरी, अंबड, शिरोली अशा प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस माणसं तयार असावीत आणि शेजारच्या कारखान्यातला प्रशिक्षित माणूस येऊन बसावा. त्याला मतही नाही आणि हितसंबंधही नाही.

तिसरी तक्रार एचआरबद्दल आहे, म्हणजे एचआरमधल्या माणसांबद्दल नव्हे, त्यांना दिल्या जाणाऱ्या दुहेरी कामाबद्दल. ज्या हाताने शो-कॉज नोटीस निघते, ज्याच्या सहीने खातेनिहाय चौकशी लागते, त्यानेच 'तटस्थ' म्हणून मधल्या खुर्चीत बसायचं. तो माणूस कितीही सज्जन असो, समोरच्याला त्याच्या हातातली फाईलच दिसणार. एचआरने प्रशिक्षण जरूर घ्यावं, कारण रोजच्या कुरबुरी तिथेच लवकर ओळखू येतात. पण ज्या प्रकरणात शिस्तभंगाची कारवाई सुरू आहे किंवा होऊ शकते, तिथे त्यांनी मध्यस्थ होऊ नये. हा नियम लेखी हवा.

गोपनीयतेचं दुखणं याहून खोल आहे. कलम ४ मध्ये समितीच्या गोपनीयतेचा उल्लेख नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गोपनीयतेच्या तरतुदी आहेत, पण औद्योगिक वादांतला समेट वेगळ्या कायद्याने चालतो, त्यामुळे त्या कायद्याकडे बोट दाखवून भागणार नाही. न्यायालयीन मध्यस्थीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोतीराम प्रकरणात सांगून ठेवलं आहे, की मध्यस्थाने न्यायालयाला एवढंच कळवायचं: समझोता झाला असेल तर तो, नसेल तर 'मध्यस्थी यशस्वी झाली नाही' हे एक वाक्य. कोणी काय देऊ केलं आणि कोणी काय नाकारलं, यातलं काही नाही. कारखान्यात उलटं चालतं. समितीच्या इतिवृत्तात "कामगाराने चूक कबूल केली, माफीची तयारी दाखवली" असं लिहिलं जातं आणि तो कागद त्याच्या सेवा नोंदीत जाऊन बसतो. पुढे वर्षभराने चौकशी लागली की तोच कागद पुरावा म्हणून वर येतो. एकदा असं झालं की त्या कारखान्यात समितीपुढे कोणी तोंड उघडत नाही, आणि मग व्यवस्थापनच म्हणतं, आमच्याकडे तक्रारीच नाहीत.

प्रशिक्षणात आम्ही याच्या सवयी लावतो. टिपणं सुट्या कागदावर घ्यायची आणि बैठक संपली की सगळ्यांसमोर फाडायची. फोन बंद करून टेबलावर ठेवायचे. वेगळ्या बैठकीच्या शेवटी न चुकता विचारायचं, "यातलं काय त्यांना सांगू आणि काय सांगू नको?" उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. दोन्ही बाजूंना वेगळं भेटणार हे सुरुवातीलाच सांगायचं आणि वेळ साधारण सारखा द्यायचा. व्यवस्थापनाबरोबर आत चाळीस मिनिटं गेली की बाहेर बसलेला कामगार एकच निष्कर्ष काढतो, मांडवली झाली. वेळ लागणारच असेल तर मध्येच बाहेर येऊन त्याला तसं सांगावं. आणि बाहेर त्याला बसायला खुर्ची असावी. हे लिहावं लागतंय, कारण बऱ्याच ठिकाणी ती नसते.

खोलीचंही तसंच. मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये, शॉपवरून सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी बैठक ठेवली की ऑपरेटर आतल्या माणसांशी कमी आणि काचेबाहेरच्या माणसांसाठी जास्त बोलतो. दार बंद होणारी साधी खोली, गोल नाहीतर चौकोनी टेबल, मध्यस्थाची खुर्ची दोघांपासून सारख्या अंतरावर. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी दहाची वेळ द्यायची नाही. बैठकीचा वेळ ड्युटीत धरायचा, पगार कापायचा नाही. आणि व्यवस्थापनाकडून येणाऱ्याला तडजोडीचा अधिकार असला पाहिजे. "वरच्या साहेबांना विचारून सांगतो" हे वाक्य तिसऱ्या तासाला ऐकू आलं की ती बैठक गेली म्हणून समजावं. शिकलेला मध्यस्थ अधिकाराचा प्रश्न बैठकीच्या आदल्या दिवशी फोनवर विचारतो.

यापुढची गोष्ट धोक्याची आहे. मध्यस्थीपुढे काय आणायचं नाही, हे ओळखणं हा प्रशिक्षणाचा पहिला भाग असायला हवा. लैंगिक छळाची तक्रार तक्रार निवारण समितीची नाहीच, ती अंतर्गत समितीची. तिथेही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे समेट होतो तो फक्त पीडित महिलेने स्वतः मागितला तर, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशाच्या देवघेवीवर कधीच नाही. "दोघांना समोरासमोर बसवून मिटवू" म्हणणारा सदस्य कायदाही मोडतो आणि त्या महिलेवर पुन्हा अन्याय करतो. गोवा विद्यापीठाच्या प्रकरणातून आलेल्या मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या समित्यांच्या सदस्यांना नियमित प्रशिक्षण देण्याबद्दल बजावलं आहे. एका समितीबद्दल जे पटतं ते शेजारच्या समितीबद्दल का पटू नये? जातीवरून अपमान झाला, यंत्राचं सुरक्षा गार्ड काढून काम करायला लावलं, किमान वेतनापेक्षा कमी दिलं, हेही सामोपचाराने 'मिटवण्याचे' विषय नाहीत. किमान वेतनाखाली तडजोड करायचा अधिकार कामगारालाही नाही. मध्यस्थाने अशी प्रकरणं ओळखून योग्य दाराकडे पाठवायची, आणि ती कोणत्या दाराकडे जातात याचा एक पानी तक्ता त्याच्या हाताशी असला पाहिजे.

आता समेट अधिकाऱ्यांकडे वळतो. समितीत प्रश्न सुटला नाही तर कामगाराला साठ दिवसांत आपल्या युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. (ज्याला युनियनच नाही त्या कंत्राटी कामगाराने काय करायचं, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, पण आपण तो विसरू नये.) समेट अधिकाऱ्याला संहितेने ४५ दिवस दिले आहेत, आणि संपाची किंवा टाळेबंदीची नोटीस असेल तर फक्त १४. चौदा दिवसांत शेकडो माणसांच्या पगाराचा प्रश्न सोडवण्यासाठी नुसता कायदा माहीत असून चालत नाही. समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार, ज्याला कारखान्यांत जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) वरून अजूनही 'बारा-तीनचा करार' म्हणतात, तो त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो. जे बैठकीला नव्हते त्यांनाही, उद्या कामाला लागणार असतील त्यांनाही. इतक्या वजनाचा कागद ज्याच्यापुढे तयार होतो त्याला वाटाघाटींचं रीतसर शिक्षण मिळालं पाहिजे. अधिकाऱ्याच्या टेबलावर तारखेमागून तारीख पडते, दोन्ही बाजू लेखी म्हणणं देतात आणि शेवटी 'समेट होऊ शकला नाही' असा अहवाल जातो, तेव्हा दोष एकट्या त्याचा नसतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय जिथे एकाच अधिकाऱ्याकडे तपासणीही आहे आणि समेटही, तिथे मालक त्याच्यापुढे खरे आकडे ठेवणार नाही. ही कामं निदान प्रकरणापुरती तरी वेगळ्या माणसांकडे द्यावीत.

अधिकाऱ्यांना विशेष करून शिकवायची एक गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंना वस्तुस्थितीची जाणीव करून देणं, पण धमकी न देता. "कोर्टात गेलात तर आयुष्य जाईल" ही धमकी झाली. "न्यायाधिकरणात गेलात तर तेवढ्या काळातल्या घरखर्चाचं काय ठरवलंय?" हा प्रश्न झाला. तो वेगळ्या बैठकीत विचारायचा, आणि मालकालाही तितक्याच जड प्रश्नाला सामोरं जायला लावायचं: "पाळ्यांचं रजिस्टर आणि युनियनच्या मीटिंगची तारीख न्यायाधिकरणासमोर शेजारी शेजारी ठेवली तर काय दिसेल?" फक्त कामगारालाच भविष्याची भीती दाखवणारा समेट हा समेट नव्हे. कामगार निलंबित असेल तर पहिले नव्वद दिवस ५० टक्के आणि पुढे, चौकशीला उशीर कामगारामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता, हा हिशेब कागदावर मांडून दोघांपुढे ठेवला तर पुष्कळदा वाफ आपोआप निघते.

करार लिहिणं हा शेवटचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त मेहनत इथेच पाण्यात जाते. "दोन्ही बाजू सामंजस्याने वागतील" हे वाक्य कुठल्याच कामाचं नाही. रात्रपाळीच्या प्रकरणात करार असा हवा: पाळ्यांचा तक्ता दर महिन्याच्या २५ तारखेला नोटीस बोर्डावर लागेल; कोणालाही सलग सहापेक्षा जास्त रात्रपाळ्या लागणार नाहीत; बदल करायचा तर ४८ तास आधी कळवलं जाईल; तक्ता अमुक पदावरची व्यक्ती तयार करील; ती रजेवर असेल तेव्हा तमुक; मोडला गेल्यास समितीतल्या या दोघांना सांगायचं; दोन महिन्यांनी पुन्हा बसायचं. कोण, काय, केव्हा, किती आणि नाही झालं तर काय. करार कामगाराला वाचता येईल त्या भाषेत असावा, सहीआधी मोठ्याने वाचून दाखवावा. वसाहतींत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं आहेत, त्यांच्यासाठी हिंदी प्रत लागेल. नुसत्या इंग्रजी मसुद्यावर अंगठे-सह्या घेणं आता बंद व्हावं.

हे सगळं महाराष्ट्राला परकं नाही. औद्योगिक वादांत समेटासाठी वेगळा कायदा मुंबई प्रांताने १९३४ मध्येच केला होता. १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र करणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने परळला राज्याची श्रम विज्ञान संस्था आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रं ठिकठिकाणी आहेत. जागा आहे, संस्था आहे, शिकवू शकणारी माणसं आहेत. नाही तो फक्त आपला आदेश.

म्हणून आमच्या मागण्या:

एक, तक्रार निवारण समितीत मध्यस्थ म्हणून बसणाऱ्या प्रत्येक सदस्यासाठी आणि प्रत्येक समेट अधिकाऱ्यासाठी ४० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं करावं. लहान युनिटला सलग पाच दिवस माणूस सोडणं जड जातं, त्यांना तीन दिवस आणि पंधरवड्यानंतर दोन दिवस अशी सवलत द्यावी. समितीतल्या उरलेल्या सदस्यांना किमान आठ तास.

दोन, प्रशिक्षण मराठीतून, गरज असेल तिथे हिंदीतून, आणि मालक-कामगार एकाच तुकडीत. वेगवेगळ्या तुकड्यांनी काही साधत नाही, समोरच्याच्या खुर्चीत बसणं हाच अर्धा अभ्यासक्रम आहे. प्रशिक्षणाचे दिवस ड्युटीचे धरावेत.

तीन, प्रमाणपत्र हजेरीवर देऊ नये. सरावातल्या एका पूर्ण बैठकीचं मूल्यमापन करावं. त्यानंतर दोन प्रत्यक्ष प्रकरणांत नुसतं बसून पाहणं आणि तीन प्रकरणांत अनुभवी मध्यस्थाबरोबर जोडीने काम करणं, एवढं झाल्यावरच स्वतंत्र प्रकरण द्यावं.

चार, परळच्या संस्थेने हा अभ्यासक्रम कायमस्वरूपी चालवावा आणि कामगार कल्याण केंद्रांत जिल्हावार तुकड्या घ्याव्यात. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांकडून शुल्क घेऊ नये.

पाच, प्रत्येक औद्योगिक वसाहतीत प्रशिक्षित मध्यस्थांची यादी जाहीर करावी. यादीत निम्म्या महिला असाव्यात.

सहा, एक परिपत्रक काढावं. त्यात गोपनीयतेचा नियम, इतिवृत्तात काय लिहायचं नाही, मध्यस्थी केलेल्या सदस्याने मत न देण्याची पद्धत, शिस्तभंगाच्या प्रकरणात एचआरने मध्यस्थ न होणं आणि मध्यस्थीला न आणायच्या प्रकरणांचा तक्ता, एवढं असावं. यासाठी नवा कायदा लागत नाही.

सात, यश मोजताना फक्त 'निकाली प्रकरणं' मोजू नयेत. सहा महिन्यांनी करार पाळला जातोय का, आणि तक्रार केलेला कामगार त्याच जागी, त्याच पाळीत, त्याच्यावर सूड उगवला न जाता काम करतोय का, हे विचारावं. तक्रार केल्यामुळे कामगाराचं कसलंही नुकसान होता कामा नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या १३० क्रमांकाच्या शिफारशीतही म्हटलं आहे.

अभ्यासक्रमाचा तासवार आराखडा, सरावाचे प्रसंग आणि मूल्यमापनाचा नमुना आम्ही विभागाला विनामूल्य द्यायला तयार आहोत. पहिल्या दोन तुकड्यांना मार्गदर्शकही देऊ. या पत्राचं उत्तर तीस दिवसांत मिळावं अशी अपेक्षा आहे. तक्रार निवारण समितीसाठीही संहितेत तेवढेच दिवस आहेत.

आपले,
मध्यस्थीचं प्रशिक्षण देणारे आणि प्रत्यक्ष मध्यस्थी करणारे काही जण

प्रत माहितीसाठी:
राज्यातल्या सर्व मान्यताप्राप्त कामगार संघटना
आस्थापनांचे मनुष्यबळ विभागप्रमुख (समितीची पुढची बैठक कोणत्या खोलीत आहे तेवढं आजच बघून घ्यावं)